जुना साठा, नवा भाव

महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाचे भलेच झाले. पण वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या गावातल्या किराणा दुकानाचे गणित त्या आठवड्यात पार विस्कटले. उलाढाल ४० लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नोंदणी नाही. नोंदणीवाल्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. आमचा १८ टक्के मात्र मालाच्या खरेदीतच मुरलेला. फळीवर अंगाच्या साबणाचे चार डझन नग, वेष्टनावर जुनी किंमत, आणि समोर पोरगा मोबाइलवर बातमी दाखवत उभा, "काका, कमी करा की!" केले कमी. गावात तोंड बघून धंदा करावा लागतो. तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याने फरकाचे नाव काढताच हात वर केले.

त्यातच मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेले. आमची उधारीची वही सोयाबीनवरच चालते. जूनमध्ये नाव मांडायचे, दिवाळीच्या तोंडावर खोडायचे. त्या वर्षी खोडलेली पाने बोटावर मोजण्याइतकी. (रोखीची खरेदी तालुक्याच्या मॉलमध्ये आणि उधारी आमच्याकडे, हे वेगळेच दुखणे.)

पुढच्या वेळी कर कमी करताना जुन्या साठ्यावरचा फरक कंपन्यांनी वितरकांमार्फत नोंदणी नसलेल्या दुकानदारालाही द्यावा, असा स्पष्ट आदेश सरकारने सोबतच काढावा.

– एक किराणा दुकानदार, ता. औसा, जि. लातूर