शुभाला पत्र : लोजबान कशासाठी

पुणे

प्रिय शुभा,

तुझं पत्र परवा मिळालं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "जी भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नाही, ती शिकून तुला काय मिळणार?" फोनवर विचारलं असतंस तर दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले असते. पण तू लिहून विचारलंस आणि मलाही हे कुणाला तरी सविस्तर सांगायचंच होतं.

आधी ही लोजबान भाषा आली कुठून ते सांगते. बेंजामिन ली व्होर्फ नावाचे एक गृहस्थ अमेरिकेत आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत तपासनीस होते. भाषाशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळातला अभ्यास. त्यांनी पाहिलं, की पेट्रोलच्या भरलेल्या पिपांजवळ लोक जपून वागतात, पण 'रिकामं' म्हटलेल्या पिपाजवळ खुशाल सिगारेट ओढतात. त्या पिपात वाफ कोंडलेली असते आणि धोका उलट जास्त असतो. शब्द 'रिकामं' म्हणतो, म्हणून माणूस बेफिकीर होतो. आपली भाषा आपल्या विचाराला वळण लावते, असं व्होर्फ आणि त्यांचे गुरू एडवर्ड सपीर यांच्या नावानं ओळखलं जाणारं मत आहे. ते तपासून पाहायचं म्हणून जेम्स कुक ब्राऊन या समाजशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये तर्कशास्त्राच्या पायावर एक नवी भाषा रचायला घेतली. तिचं नाव लॉगलान. जून १९६० च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि बरेच लोक तिच्याकडे ओढले गेले. पुढे शब्दांवर हक्क कुणाचा यावरून ब्राऊन आणि त्यांचे सहकारी यांच्यात फाटलं. वेगळ्या झालेल्या मंडळींनी १९८७ मध्ये सगळे शब्द नव्यानं घडवले आणि त्या भाषेला लोजबान म्हटलं. प्रकरण कोर्टातही गेलं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं निकाल दिला, की 'लॉगलान' हे नाव कुणा एकाच्या मालकीचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. (हे खास वकीलबाईंसाठी लिहिलं.) लोजबान मात्र पहिल्यापासून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, आणि मला त्या लोकांचं हे फार आवडतं. व्होर्फचं मत तपासण्याचा जो प्रयोग योजला होता तो ठरल्याप्रमाणे कधी झालाच नाही. भाषा मात्र उरली.

मूळ शब्द सुमारे साडेतेराशे, रोमन लिपीत लिहिले की सगळे पाच अक्षरांचे. चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश आणि अरबी या सहा भाषांमधल्या शब्दांचे आवाज घेऊन संगणकानं ते जुळवले. ज्या भाषेचे बोलणारे जास्त, तिचं वजन जास्त. चिनीचं ३६ टक्के, हिंदीचं १६. मराठीचा त्यात थेट वाटा नाही, तरी पाठ करताना आपलं काहीतरी कानावर पडत राहतं. 'ज्मिवे' म्हणजे जगणं. 'प्रामी' म्हणजे प्रेम करणं. 'दो' म्हणजे तू. आणि 'मी' म्हणजे मीच! 'मी प्रामी दो' हे वाक्य तुला कुणी न शिकवता अर्धं कळेल.

पण शब्दांपेक्षा मला बांधलं ते व्याकरणानं. लोजबानमध्ये नाम, क्रियापद, विशेषण असे भेद नाहीत. प्रत्येक मूळ शब्द म्हणजे एक नातं, आणि त्या नात्यात कोण कुठे बसणार हे ठरलेलं. 'क्लामा' घे. जाणारा, कुठे, कुठून, कोणत्या वाटेनं, कशानं, अशा त्याच्या पाच जागा. 'मी क्लामा ला मुंबइस ला पुनेस फु लो त्रेने', म्हणजे मी पुण्याहून मुंबईला रेल्वेनं जाते. नाव व्यंजनावर संपलं पाहिजे, म्हणून शेवटी तो स. चौथी जागा, वाटेची, मी सोडून दिली आणि 'फु' म्हणून थेट पाचवीवर गेले. तरी वाट तिथे आहेच, मी फक्त ती सांगितली नाही. संस्कृतच्या तासाला आपण कर्ता, कर्म, करण, अपादान घोकत होतो ते आठवतं ना? तिथे विभक्ती सांगते कोण काय करतं ते. इथे क्रम सांगतो. पहिल्या शंभरेक शब्दांपर्यंत हे ओझं वाटतं, आणि पाठांतराला दुसरा उपाय नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. पुढे मात्र एक सवय लागते. कुणी काही सांगितलं, की न सांगितलेल्या जागा आपोआप दिसायला लागतात. "पैसे दिले," असं कुणी म्हणालं, की कुणी, कुणाला, किती, कशाबद्दल, हे डोक्यात ओळीनं उभं राहतं.

आता माझ्या कामातली गोष्ट. गेल्या वर्षी एका जुन्या दानपत्राचं भाषांतर माझ्याकडे आलं. त्यात जागा दिली होती 'लहान मुलींच्या शाळेसाठी'. लहान कोण, मुली की शाळा? चार-पाच वर्षांच्या मुलींसाठी शाळा, की मुलींसाठी छोटीशी शाळा? 'चांगला' असता आणि शाळेला 'साठी' लागला नसता, तर प्रत्ययानं उलगडा झाला असता. 'चांगल्या मुलींची शाळा' आणि 'चांगली मुलींची शाळा' यांत घोटाळा नाही. पण 'लहान' बदलतच नाही. मी पक्षकाराला फोन करून विचारलं, त्यांनी दुसरा कागद दाखवला, तेव्हा कळलं की मुली लहान होत्या. लोजबानमध्ये 'श्मालु निख्ली श्कुले' म्हटलं की डावीकडून जोडत जायचं, म्हणजे लहान मुली, त्यांची शाळा. शाळा छोटी म्हणायची असेल तर मध्ये 'बो' घालावा लागतो, 'श्मालु निख्ली बो श्कुले'. बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. व्याकरणाच्या अंगानं वाक्याची उकल एकाच रीतीनं व्हावी, अशी ही भाषा बांधलेली आहे, आणि संगणक ती उकल करून दाखवतो. जॉन कावन यांनी १९९७ मध्ये तिचं व्याकरण एकवीस प्रकरणांत लिहून काढलं. मी ते रात्री थोडं थोडं वाचते. काही पानं दोनदा वाचावी लागतात, पण मन लावून लिहिलेलं पुस्तक आहे.

म्हणून या भाषेत संदिग्धता उरतच नाही असं मात्र समजू नकोस. 'निख्ली श्कुले' म्हणजे मुलींसाठीची शाळा, की मुलींनी काढलेली, हे ती सांगत नाही. कोणता शब्द कोणाला जोडला आहे एवढंच पक्कं. लोजबान शिकलं की माणूस तर्कशुद्ध होतो असंही काही लोक म्हणतात, ते मला पटत नाही. खोटं बोलायचं असेल तर याही भाषेत बोलता येतं.

नकाराचं मला खरंच अप्रूप वाटलं. "मला तो आवडत नाही," असं आपण म्हणतो, तेव्हा तो आपल्याला नकोसा आहे की आपल्याला त्याचं काहीच नाही, हे आवाजावरून ओळखायचं. लोजबानमध्ये 'ना नेल्शि' म्हणजे आवडतं हे खरं नाही, एवढंच. 'नोहे नेल्शि' म्हणजे ना आवड ना नावड. 'तोहे नेल्शि' म्हणजे सरळ नावड. आपण प्रसज्यप्रतिषेध आणि पर्युदास शिकलो होतो ना, एकात नकार क्रियेला आणि दुसऱ्यात नामाला? त्या चर्चेची ही चुलत बहीण म्हणता येईल. तू चहा पितेस की कॉफी, या प्रश्नाचंही तसंच. 'दो पिन्खे लो चाति जि लो श्काफि?' यातला 'जि' विचारतो की चहा आणि कॉफी यांना कोणत्या अव्ययानं जोडू. उत्तरही अव्ययच. 'ए' म्हणजे दोन्ही, 'एनाइ' म्हणजे चहा, कॉफी नको, 'ना ए' म्हणजे चहा नको, कॉफी. एका अक्षरात अख्खं उत्तर देता येतं!

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

आईच्या आजारपणात तू दोनदा येऊन गेलीस, तुला आमचं घर माहीत आहे. फोन सारखे वाजायचे. "रिपोर्ट चांगले आलेत." "उद्या सोडणार आहेत." "तिला आता त्रास नाहीये." प्रत्येक जण मायेनं बोलत होता. पण रिपोर्ट कुणी पाहिला होता? डॉक्टर बोलले होते, की नर्स, की मामीनं अंदाज बांधला होता? सगळी वाक्यं एकाच तोलाची येऊन आदळायची. रात्री मी ती निवडत बसायची आणि मला झोप लागायची नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मी लोजबानमधल्या त्या छोट्या शब्दांपाशी आले. वाक्याच्या सुरुवातीला असा एक शब्द ठेवला, की तुम्हाला हे कशावरून कळलं ते सांगून होतं. 'झाहा', मी डोळ्यांनी पाहते आहे. 'तिहे', मी ऐकलं आहे. 'जाहो', मी त्यावरून निष्कर्ष काढते. 'पेहि', हे माझं मत. 'काहु', आमच्यात असं मानतात. 'सेहो', मला आतून जाणवतं, स्वप्नात दिसलं. सुझेट हेडन एल्गिन यांनी लादान नावाची भाषा रचली होती, तिच्यावरून ही कल्पना घेतली, आणि त्यांनी ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांवरून. शुभा, ही यादी वाचताना मला न्यायदर्शन दिसत होतं. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. आपण ती प्रमाणं परीक्षेपुरती पाठ केली. इथे ती रोजच्या बोलण्यात, वाक्याच्या तोंडाशी.

आपल्याकडे 'म्हणे' आहेच. "उद्या कोर्टाला सुट्टी आहे म्हणे." पण आपल्या 'म्हणे'त ऐकीवपणा आणि शंका एकमेकांत मिसळलेल्या असतात. "तो म्हणे फार मोठा माणूस आहे," यात माझा अविश्वासही आला. लोजबानमध्ये 'तिहे' फक्त ऐकलं एवढंच सांगतो. विश्वास नसेल तर 'या नाइ' वेगळं जोडायचं. भावनांनाही असे शब्द आहेत. 'वी' म्हणजे आनंद, 'यी' म्हणजे भीती, 'आहो' म्हणजे आशा, आणि मागे 'शाइ' लावलं की ती भावना अगदी तीव्र, 'रुहे' लावलं की हलकी, 'नाइ' लावलं की उलटी. "आई घरी येईल," हे वाक्य तेव्हा 'आहो' लावून आलं असतं तर ती मामीची आशा आहे हे मला कळलं असतं. मी त्या आशेला धरून तिच्यासोबत बसले असते. बातमी म्हणून ती कवटाळली नसती.

हे सगळ्यांनी शिकावं असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः आता मराठीत बोलताना थांबते. "मी पाहिलं नाही, रमाताईंनी सांगितलं." "हा माझा अंदाज आहे हं." घरी मुलंही तसं बोलू लागली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. तू तर रोज हेच करतेस. तुझा साक्षीदार "मला अमक्यानं सांगितलं," म्हणाला की समोरचा वकील लगेच उठून उभा राहतो. कोर्टाबाहेर आपण एकमेकांशी बोलतो तिथे हे भान का नसावं? कुणाच्या आजारपणात, कुणाच्या बदनामीत, जमिनीच्या भांडणात, किती दुःख ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितल्यानं होतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

तर माझं मागणं ऐक. मला बोलायला माणूस हवं आहे. ही भाषा येणारे जगभर विखुरलेले आहेत, बरेचसे लिहिणारे, बोलणारे त्याहून कमी. माझ्या ओळखीत एकही नाही. तू शिकावंस असं मला फार वाटतं, आणि तुला ती आवडेल असंही वाटतं (पेहि). व्याकरण नंतर पाहू. आधी झाहा, तिहे, जाहो, पेहि आणि आहो हे पाचच शब्द घे. पुढचं पत्र नेहमीसारखं मराठीत लिही, फक्त जिथे जमेल तिथे वाक्याच्या आधी यांतला एक ठेव. बाबांच्या डोळ्याबद्दल लिहिशील तिथे नक्की ठेव, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले आणि तुला काय दिसलं ते मला वेगवेगळं कळेल.

दिवाळीत तू येशील तेव्हा पाठांतराची कार्डं तयार ठेवते, त्यांतली निम्मी तुझी. गाडीचं तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
नीलिमा