मुंबई–लंडन सव्वाचार तासांत पोचवणाऱ्या कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : तिकिटावरचा चुकीचा प्रवास-वेळ आणि नाकारलेलं मधुमेही जेवण

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. म्हणजे त्यांनीच ठेवला. म्हणून हे लेखी.

आईचं जानेवारीतलं मुंबई–लंडन तिकीट तुमच्या अ‍ॅपवरून काढलंय. बहिणीच्या बाळंतपणाला चालली आहे. थेट विमान, पहाटे अडीचला सुटून पावणेसातला उतरतं. तिकिटावर प्रवासाचा वेळ छापलाय ४ तास १५ मिनिटं. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, हे विमानाची तिकिटं विकणाऱ्यांना मी सांगायचं? खरा वेळ पावणेदहा तास. परतीचं तर विचारूच नका. रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत, म्हणून तुमचे साडेचौदा तास! प्रत्यक्षात नऊ.

नुसती छपाईची चूक असती तर सोडून दिलं असतं. आई इन्सुलिनवर आहे. मधुमेही जेवण आधी नोंदवावं लागतं, आणि तुमचं अ‍ॅप म्हणतं, पाच तासांच्या आतल्या प्रवासाला ही सोय नाही. विमान कंपनी म्हणते, तिकीट ज्यांच्याकडून काढलं त्यांच्याकडेच बदल करून घ्या. वर त्याच वेळेवर 'सर्वात जलद'ची हिरवी पट्टी चिकटवून सुविधा शुल्कही कापलंत.

आता आजचा फोन. मी विचारलं, ७,२०० किलोमीटर सव्वाचार तासांत कसं काटणार? (हे अंतर तुमच्याच पानावर आहे, वेळेच्या बरोब्बर खाली.) उत्तर आलं, "सर, जाताना वारा मागून असतो, येताना समोरून. म्हणून येताना जास्त लागतात." अहो, उलटं आहे! त्या उंचीवरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, वेळ वाचतो तो लंडनहून येताना. हे सांगितल्यावर मला होल्डवर टाकलं. बराच वेळ संगीत. मग, "सर, तुम्ही सांगलीहून बोलताय ना? घरात पहिल्यांदाच विमान प्रवास आहे का? मग होतं असं कन्फ्यूजन." मागे कुणीतरी हसलेलंही ऐकू आलं.

हो, सांगलीहूनच बोलतोय. आमच्या विश्रामबागेत ट्रॅव्हल्सचं तिकीट फाडणारा पोरगाही मुंबईला किती तास लागतात ते नीट सांगतो. तुमच्या हिशेबाने हे विमान ताशी १,७०० किलोमीटरने जायला हवं. प्रवासी जेट ९००च्या आसपास उडतं. आवाजापेक्षा वेगाने माणसं नेणारं कॉन्कॉर्ड २००३ सालीच बंद झालं. तुम्ही गुपचूप नवीन काढलं असेल तर कळवा, आई शेजारपाजारी सांगेल तरी.

पहिल्यांदाच विमान प्रवास आहे का, म्हणे!

गल्लीतल्या निम्म्या घरांना तुमचं अ‍ॅप मीच घालून दिलंय. आता तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

येत्या शनिवारपर्यंत मधुमेही जेवण नोंदवल्याचं लेखी आलं पाहिजे, आणि दुरुस्त वेळेचं तिकीट. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच दावा लावता येतो, तेव्हा तारखेला इथे यायची तयारी ठेवा.

तिकिटाचा आणि अ‍ॅपवरच्या पानाचा फोटो सोबत आहे. फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच. कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून दर वेळी बजावता, तर एकदा ऐकाही.

एक ग्राहक,
सांगली