पूर्वपक्ष लिहायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आभाराचं पत्र खरं तर पाकिटात घालून पाठवायचं. हे मी चारचौघांसमोर ठेवते आहे, कारण तुम्ही मला जे दिलंत ते निबंध शिकवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, आणि तुम्ही स्वतः ते कधी लिहून ठेवणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला न विचारता लिहिते. रागवायचं तर रागवा.

वैचारिक निबंधाच्या तासाला काय होतं, हे भाषा शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. फळ्यावर ‘मोबाइल : शाप की वरदान’ अशा चालीचं काहीतरी येतं. मुलं एक पान फायदे लिहितात, एक पान तोटे लिहितात आणि शेवटी ‘वापर कसा करायचा हे आपल्याच हातात आहे’ म्हणून मोकळी होतात. अक्षर वळणदार असतं, सुरुवातीला एखादं सुभाषितही असतं. पण वाचून कुणाचं मत तसूभर हलत नाही. हलणार तरी कसं, लिहिणाऱ्याने मुळात मत दिलेलंच नसतं. असाच एक गठ्ठा तुम्ही माझ्या टेबलावरून उचललात, चार वह्या चाळल्यात आणि विचारलंत, “हे कुणाला लिहिलंय?”

मी म्हटलं, “परीक्षकांना.”

“त्यांना काय, ते कुठल्याही बाजूला गुण देतील. ज्याचं मत उलटं आहे असा एक माणूस द्या यांना.”

त्यानंतर तुम्ही आठवड्यातून एकदा माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसू लागलात. स्वतःचा मोकळा तास खर्ची घालून. त्याबद्दलचे आभार आधी मानते, कारण मोकळ्या तासाची किंमत फक्त शिक्षकालाच कळते.

तुम्ही सगळ्यांत आधी विषयांची छाटणी केलीत. ‘वाचनाचे महत्त्व’ गेला. त्याच्या जागी आलं, ‘शाळेचं ग्रंथालय मधल्या सुट्टीत उघडं ठेवावं’. पहिल्या विषयाला जगात कुणाचा विरोध नाही, म्हणजे पटवण्यासारखं काही उरतच नाही. दुसऱ्याला विरोध करणारा माणूस त्याच इमारतीत बसलेला आहे आणि त्याने मनात आणलं तर तो उद्यापासून दार उघडू शकतो. शहाण्यासुरत्या माणसाला ‘नाही’ म्हणता येईल का आणि ‘हो’ म्हणाला तर त्याला काही करता येईल का, या दोन चाळण्यांतून मुलांनी स्वतःच आपले विषय गाळले. ‘पर्यावरण वाचवा’ पहिल्याच चाळणीत अडकला तेव्हा वर्गात चांगलीच खळबळ माजली होती. एवढा मोठा विषय आणि त्यावर निबंधच होत नाही म्हणजे काय! होतो की, पण पर्यावरणातलं नेमकं काय, कुणी आणि कधी वाचवायचं हे ठरल्यावर.

मग वाचकाबद्दल तीन ओळी. आज त्याचं मत काय आहे, ते तसं का आहे आणि आपलं म्हणणं मान्य केलं तर त्याला काय सोडावं लागेल. पहिल्या दोन ओळी कुणीही सुचवेल. तिसरी तुमची, आणि माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. ग्रंथालयाच्या विषयावर मुलांनी पहिल्यांदा ‘ग्रंथपालांना वाचनाची आवड नाही’ असं ठोकून दिलं होतं. तिसरी ओळ लिहायला बसल्यावर कळलं, की मधली सुट्टी त्यांचीही असते, आणि पुस्तक हरवलं तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. हे कळलेल्या मुलांचा निबंध आपोआप बदलला. नोंदवहीवर दोन विद्यार्थी आळीपाळीने बसतील, सुट्टीत पुस्तकं घरी न्यायची नाहीत, तिथेच वाचायची, अशी मागणीच वेगळी झाली. दुसऱ्याला पटवायला निघालं की आपलं म्हणणंही घडत जातं, हे मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी त्यांच्या डोक्यात शिरलं नसतं.

पण खरी करामत पूर्वपक्षाची. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं आणि मग स्वतःचा सिद्धान्त, ही रीत जुनीच. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मधल्या एका भाषणात जवळपास हेच सुचवलं होतं : वाद चालू असताना समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडून दाखवल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही. तुम्ही यात एक सही घातलीत. निबंधातला विरोधी बाजूचा परिच्छेद विरोधी मताच्या मुलाला वाचायला द्यायचा. ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं वाटलं तर तो समासात सही करणार. सही नाही तर पुढचा परिच्छेद नाही.

गृहपाठ बंद करावा, अशा मताची एक मुलगी होती. तिचा पूर्वपक्ष असा : ‘काही जुन्या विचारांच्या लोकांना वाटते की गृहपाठ हवा.’ तिच्या बाकावरच्या मुलाने वही परत केली. “मी जुन्या विचारांचा नाहीये.” तिने ‘जुन्या विचारांच्या’ खोडलं. तरी सही नाही. “हे माझं मत झालं. कारण कुठंय?” मग तिने त्यालाच कारण विचारलं आणि तो सांगेल तसं उतरवून घेतलं : वर्गात समजल्यासारखं वाटतं, पण आपल्याला खरंच येतं की नाही हे एकट्याने करून पाहिल्यावरच कळतं. त्याने झोकात सही केली. आणि ती पेन खाली ठेवून बसून राहिली, कारण आता तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही मागच्या बाकावरून उठून तिच्याजवळ आलात. मला वाटलं, आता एखादा खोडून काढणारा मुद्दा पुरवणार. तुम्ही म्हणालात, “यातलं खरं किती? तेवढं मान्य करून टाक. मग काय उरतं बघ.” तिने जे लिहिलं ते मी नंतर माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं : ‘एकट्याने सराव करायला हवा हे मला मान्य आहे. पण तो घरीच का? ज्याला घरी विचारायला कुणी नाही, त्याची चूक सरावाने सुधारत नाही, पक्की होते.’ पुढे तिची मागणीही बदलली. गृहपाठ बंद करण्याऐवजी तासातली शेवटची काही मिनिटं सरावाला द्यावीत, असं तिने लिहिलं. निबंध संपल्यावरही त्या दोघांचं एकमत झालं नाही, पण तिच्या मागणीतली खोट काढायला त्याला बराच वेळ लागला.

मुलांना कोण विचारतं, त्यांच्या शब्दाला वजन कुठून येणार, असं मला नेहमी वाटायचं. अ‍ॅरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधनं सांगितली : बोलणाऱ्याचं शील, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. त्यातल्या शीलाबद्दल त्याने बजावलंय, की बोलणाऱ्याविषयी लोकांचं आधीपासून काय मत आहे यावर ते अवलंबून राहता कामा नये, ते त्या भाषणातूनच उभं राहायला हवं. कानावर हा विचार अनेकदा पडलेला होता. डोळ्यांनी पाहिला तो त्या मुलीच्या ‘मला मान्य आहे’मध्ये.

पुराव्यांच्या बाबतीत तुमचा शब्द एकच, ‘कशावरून?’ समासात दुसरं काही लिहायचाच नाहीत. ‘नव्वद टक्के लोक’ दिसले, कशावरून? ‘एका थोर विचारवंताने म्हटले आहे’, कशावरून? आकडा स्वतः मोजलेला हवा किंवा कुठून घेतला ते सांगता यायला हवं, नाहीतर खोडा. थोर विचारवंतांची वर्गातली संख्या झपाट्याने घटली.

इथे मात्र मी थोडी भर घातली, तुम्हाला चालेल ना? पुरावा खरा असूनही दाव्यापर्यंत पोचत नाही, असं पुष्कळदा होतं. मुलांनी लिहिलं होतं, ‘मधल्या सुट्टीत बरीच मुलं नुसती फिरतात, म्हणून ग्रंथालय उघडं ठेवावं.’ मुलं फिरतात हे खरंच. पण मधे एक वाक्य गाळलेलं आहे : फिरणारी मुलं दार उघडं दिसलं तर आत येऊन वाचतील. ग्रंथपालांना न पटणारं वाक्य नेमकं तेच. म्हणजे पुरावा फिरण्याचा नको, येण्याचा हवा. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञांनी १९५८ साली ही मधली कडी वेगळी काढून दाखवली. त्यांचं उदाहरण साधं आहे : हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन असणार. मधली कडी अशी, की बर्म्युडात जन्मलेली व्यक्ती सहसा ब्रिटिश प्रजाजन असते. आणि अपवादही सांगून ठेवलेला, आई-वडील दोघेही परदेशी असतील तर गोष्ट वेगळी. मला यातला ‘बहुधा’ फार आवडतो. मुलांच्या ‘सर्वच’, ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’वर इतका चांगला उतारा मला दुसरा माहीत नाही.

आपल्या न्यायशास्त्रातही, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातही, ही कडी उघड बोलून दाखवतात. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. वर्गात मी हे पाच अवयव पाच मुलांना वाटून दिले आणि एकेकाला खाली बसवून पाहिलं, की कुणाच्या नसण्याने वाक्य लंगडं पडतं. उदाहरणवाला बसला तेव्हा एकाने विचारलं, “सर्वांनाच माहीत असेल तर कशाला सांगायचं?” मी म्हटलं, सर्वांनाच माहीत असेल तर नको सांगू, पण तसं आहे का हे आधी समोरच्याला विचार. ग्रंथालयवाल्यांनी शेवटी काय केलं, तर आठवडाभर दार उघडून पाहा आणि नोंदवही बघा, एवढीच मागणी केली. आपल्याला अजून सिद्ध करता येत नाही तेवढी जागा त्यांनी मोकळी सोडली. मोठ्यांच्या लिखाणात हे क्वचित दिसतं.

मुद्द्यांच्या क्रमाबद्दल तुम्ही फारसं बोलला नाहीत, आणि बरंच केलंत. सगळ्यांत कमजोर मुद्दा मधे ठेवा, एवढं पुरतं. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या प्रश्नाची चर्चा करताना होमरच्या महाकाव्यातल्या सैन्यरचनेचा दाखला दिलाय, दुबळे सैनिक मधोमध. लढाईची गोष्ट असल्यामुळे मुलांना ती एका फटक्यात लक्षात राहते.

वह्या तपासण्याची तुमची पद्धत मी जशीच्या तशी उचलली. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. मुलांनीच आपल्या निबंधातल्या प्रत्येक ‘म्हणून’भोवती गोल काढायचा आणि आधीच्या वाक्यावरून पुढचं खरोखर निघतं का ते पाहायचं. निम्मे ‘म्हणून’ ‘आणि’ निघतात. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्याला. यावर काही पालकांची कुरकुर झाली, वहीत लाल शाई दिसत नाही म्हणून. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला कळलं नाही, पण पुन्हा कुणी आलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून जमत नाही. स्वतःच्या मताविरुद्ध संपूर्ण निबंध लिहायला लावण्याचा तुमचा प्रयोग. प्राचीन रोममध्ये वक्तृत्वाच्या शाळांत मुलांना कल्पित खटले देत आणि कुठल्याही बाजूने बोलायला लावत, हे तुम्ही सांगितलं होतंत. तुमचं म्हणणं मी मांडते, बरोबर आहे का बघा : उलट बाजूने पूर्ण निबंध लिहिल्याशिवाय त्या बाजूचा जोर कळत नाही, एक परिच्छेद म्हणजे नुसता शिष्टाचार होतो. यातलं खरं मला मान्य आहे. मोठ्या वर्गांना मीही तसा निबंध देते आणि त्यातून मत बदललेली मुलंही पाहिली आहेत. पण लहान वयात त्याचा दुसराच परिणाम मला दिसतो. काही हुशार मुलांना वाटू लागतं, की काहीही सिद्ध करता येतं, मग खरं काय याची फिकीर कशाला? शब्दांवर हुकमत आली आणि मताशी देणंघेणं उरलं नाही, तर त्याला वितंडा म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून आठवीपर्यंत मी सहीच्या परिच्छेदावर थांबते. नववीपासून उलटा निबंध, आणि त्याच्या खाली चार ओळी : हे लिहिल्यावर माझं मत कुठे आणि किती हललं, किंवा का हललं नाही. तुमचा विरोध कायम असेल तर कळवा, मला बोलायचं आहे.

शाळेत यंदा भाषेला दोन नवे शिक्षक आले आहेत. तुमची ती छाटलेल्या आणि टिकलेल्या विषयांची यादी, तुमच्या अक्षरातली, त्यांना प्रत काढून द्यायचा माझा विचार आहे. नको असेल तर नको म्हणा, पण कारणासकट.

तब्येतीला जपा.

आपली,
शेजारच्या वर्गातली