मॅडम, माझा हात तुम्ही बसवलात

प्रिय मॅडम,

पीएचडीला प्रवेश मिळाल्याचं पत्र परवा आलं. घरी सांगितलं तर आईनं आमच्या पावरी बोलीत एवढंच विचारलं, "पुण्याच्या त्या बाईंना कळवलंस का?" फोनवर मला रडू येईल, म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला हवं.

आश्रमशाळेतून मी बीएस्सीला गेले. आमच्या कॉलेजात मायक्रोपिपेट, थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायचं साधन, एकच होतं, काचेच्या कपाटात, कुलपात. तीन वर्षांत ते बाहेर आलं ते फक्त तपासणीची समिती आली त्या दिवशी. प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीचं जर्नल उतरवणं. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी शिफारसपत्र मागितलं, तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या मुलांचं तिकडं काय काम? पोलीस भरती बघ." भरतीत वाईट काहीच नाही, माझा भाऊ तीच तयारी करतोय. पण 'तुमच्या मुलांचं' हे अजून सलतं. पत्र शेवटी रसायनशास्त्राच्या सरांनी दिलं.

मग त्या फेलोशिपवर तुमच्या प्रयोगशाळेतले ते दोन महिने. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराच्या, नमुन्यांची अगारोज जेल लोड करायला दिलीत. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा तो मऊ थर, त्यातल्या बारीक खाचांत, वेलमध्ये, नमुने भरायचे. डीएनएत एका अक्षराचा फरक. तो असला की डीडीई-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम त्या जागी कापत नाही, तुकडा अखंड राहतो. माझ्या मामाच्या मुलीला सिकलसेल आहे. सांधे धरून रात्रभर कण्हणारी ती मी पाहिली आहे. त्यामुळे असेल, हात थरथरला. पिपेटची टिप वेलच्या तळातून आरपार गेली आणि नमुन्यातला निळा रंग भोवतीच्या द्रावणात, बफरमध्ये, पसरला. एक नमुना गेला, लगेच दुसराही. कुणाची तरी तीन दिवसांची मेहनत होती ती.

मी बॅग भरायला घेतली होती. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. दुसरी जेल ओतलीत, घट्ट झाल्यावर माझ्यापुढे ठेवलीत, सोबत ग्लिसरॉलमध्ये कालवलेला नुसता रंग. ट्रेला कागदी टेप लावून त्यावर मार्करनं लिहिलंत, 'चुकण्यासाठी'. म्हणालात, "ही संध्याकाळपर्यंत टोचून टोचून वाया घालव. कोपर टेबलावर टेकव, श्वास सोडताना अंगठा दाब." आणि शेजारी बसून स्वतःचं काम करू लागलात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. तोवर माझ्या हाताकडे लोक एक तर संशयानं बघायचे, नाही तर कीव करून. चारच्या सुमारास हात बसला.

मुलाखतीची तयारी, इंग्रजी, अर्जाची फी, याबद्दल लिहीत नाही. तुम्ही लिहू देणार नाही. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं अभियान २०२३ साली सुरू झालं. दुखणं आमच्या पाड्यांवरचं, पण त्यावर काम करणाऱ्यांत पाड्यावरचं माणूस मला क्वचितच भेटलं. पोरांत बुद्धी नसते म्हणून असं होत नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांच्यातल्या फार थोड्यांना ती द्यावीशी वाटते. तुम्हाला वाटलं, आणि कुणी सांगितलेलं नसताना वाटलं. अशी भली माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

ती टेप माझ्या वहीत चिकटवलेली आहे. आईनं यंदाचा धडगावचा आमचूर तुमच्यासाठी किलोभर बांधून ठेवलाय. पुढच्या महिन्यात येते, तेव्हा आणते. तुरीच्या डाळीत घाला, म्हणाली.

तुमची विद्यार्थिनी