बाबा, ही गोदी तुम्ही बघायला हवी होती

क्लाइडबँक, स्कॉटलंड
१८ ऑगस्ट

ती. बाबा आणि सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर बाबांना माझं बोलणं ऐकू येत नाही आणि आई त्यांना अर्धंच सांगते, म्हणून या वेळी सविस्तर लिहायचं ठरवलं. पिंकी वाचून दाखवेलच, पण बाबा, तुम्ही स्वतः वाचा. बरंचसं तुमच्यासाठीच आहे.

आधी आईच्या काळज्या. आई, मी दोन्ही वेळा जेवते. कुळथाचं पीठ अजून आहे, तिरफळं पुरवून पुरवून वापरतेय. व्हिडिओत बारीक दिसते म्हणून बारीक झाले असं नाही. रात्रपाळी संपली की केरळच्या दोघी आणि मी मिळून घरी येतो, एकटी कधीच नाही. थंडी अजून सुरू व्हायची आहे आणि सुरू झाली तरी घरात हीटर आहे. ड्युटीचं तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही.

बाबा, माझ्या खिडकीतून एक अजस्र क्रेन दिसते. तिला टायटन म्हणतात. १९०७ सालची, दीडशे टन उचलायची. आता नुसती उभी आहे. तिच्या पायाशी जॉन ब्राउनची गोदी होती. 'लुसिटानिया' जहाज इथेच बांधलं, 'क्वीन मेरी' इथलीच, 'क्वीन एलिझाबेथ' आणि पुढे 'क्वीन एलिझाबेथ २' पण इथल्याच. आज तिथे कॉलेज आहे, नदीकाठी फिरायला वाट आहे. आणि नदी केवढीशी! 'क्वीन मेरी' ३११ मीटर लांब आणि क्लाइडचं पात्र इथे त्याहूनही अरुंद. जहाज सरळ सोडलं असतं तर शेपूट पलीकडच्या काठात घुसलं असतं. बरोबर समोर कार्ट नावाची छोटी नदी येऊन मिळते, म्हणून घसरणी, म्हणजे जहाज पाण्यात सोडायचा उतार, तिरकी धरली आणि जहाज तिच्या मुखाच्या दिशेने सोडलं.

हे सगळं मला आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या एका आजोबांनी सांगितलं. नाव लिहीत नाही, तसा नियम आहे. ते पोरवयात त्या गोदीत उमेदवारीला लागले आणि त्यांचे वडील त्याच गोदीत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे, ठोकणाऱ्या टोळीत होते. माझे वडील मुंबईच्या गोदीत होते म्हटल्यावर त्यांनी मला बसवूनच घेतलं. भट्टीवरचा पोरगा लालभडक रिव्हेट चिमट्याने वर फेकायचा. दुसरा तो डब्यात झेलून भोकात घालायचा. आतल्या अंगाने एक जण जड हातोडा लावून नेट धरायचा आणि बाहेरून दोघे, एक उजवा आणि एक डावरा, आळीपाळीने घाव घालायचे. एकट्या 'क्वीन मेरी'त असे एक कोटी रिव्हेट आहेत. आजोबांचे वडील आतल्या अंगाला असायचे. त्या कोंडलेल्या जागेत आवाज नुसता घुमायचा. म्हातारपणी त्यांना काहीही ऐकू येत नसे. घरात सगळ्यांना ओरडूनच बोलायची सवय लागली होती, असं आजोबा म्हणाले. मी काय बोलणार, आपल्या घरात तेच चालतं.

'क्वीन मेरी'ला तेव्हा नाव नव्हतं, नुसता नंबर होता, ५३४. डिसेंबर १९३१ मध्ये मंदीमुळे काम बंद पडलं आणि हजारो माणसं घरी बसली. सांगाडा दोन वर्षांहून जास्त काळ तसाच गंजत उभा राहिला, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. शेवटी सरकारने कर्ज दिलं, क्युनार्ड आणि व्हाइट स्टार या दोन कंपन्यांनी एक व्हायचं या अटीवर. ३ एप्रिल १९३४ ला बॅगपाइप वाजवत माणसं परत गेटातून आत गेली. पहिलं काम काय, तर गंज खरवडणं. हे ऐकताना मला १९८२ च्या संपानंतरचे काका आठवले. त्यांची गिरणी परत उघडलीच नाही. इथली माणसं निदान परत आत तरी गेली.

२६ सप्टेंबरला भर पावसात जहाज पाण्यात सोडलं. घसरणीवर चरबी आणि साबण फासलेला. मागची बाजू तरंगायला लागते आणि पुढची अजून घसरणीवरच असते तेव्हा सगळा भार नाकाखाली येतो, तोच क्षण सगळ्यात वाईट, हे तुमच्याकडून लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आजोबांच्या आधी मीच सांगून टाकलं. ते खूश झाले. जहाज थोपवायला दोन्ही बाजूंना साखळदंडांचे ढीग बांधले होते, दोन हजार टनांहून जास्त. तरी लाट उठली ती उठलीच आणि पलीकडच्या शेतात बघायला उभी असलेली माणसं नखशिखांत भिजली.

आई, आता तुझा प्रश्न, की तिथे जहाजावर दारू फोडतात म्हणे, मग तूही पितेस की काय? होय, इथे जहाजावर दारूची बाटली फोडतात, पण ती कोणी पीत नाही, नीट समजून घे. बाटली जहाजाच्या नाकासमोर टांगलेली असते. मानाची बाई जहाजाचं नाव उच्चारते, शुभेच्छा देते आणि कात्रीने फीत कापते. मग बाटली झोक्याने जाऊन पोलादावर आपटते. फुटली तर शुभ. नाही फुटली तर खलाशी कुजबुजतात. 'क्वीन मेरी'वर फोडली ती ऑस्ट्रेलियन वाइनची होती. कात्री सोन्याची. १९३४ ला सासूने, १९३८ ला सुनेने आणि १९६७ ला नातीने, तिघी राण्यांनी तीच वापरली. बाबांनी आपल्याकडच्या युद्धनौकांना नारळ आणि अथर्ववेदातले मंत्र पाहिलेत, तसाच हा यांचा मान. 'टायटॅनिक'वर बाटली फोडलीच नव्हती, कारण त्या कंपनीत तशी पद्धतच नव्हती. तू म्हणशील म्हणूनच बुडाली. पण तिची बहीण 'ऑलिंपिक' तशीच पाण्यात उतरली आणि १९३५ पर्यंत चालली. तेव्हा याचा माझ्या पिण्याशी काही संबंध नाही. मी इथे चहाच पिते.

१९६७ ला 'क्वीन एलिझाबेथ २' पाण्यात सोडली तेव्हा आजोबा स्वतः तिथे होते. राणीने बटण दाबलं तरी जहाज जागचं हलेना. वर डेकवरचे कामगार ओरडायला लागले, "ढकला, ढकला!" तेव्हा गोदीचे डायरेक्टर जॉर्ज पार्कर यांनी पुढे होऊन जहाजाला हात लावला आणि ढकलल्यासारखं केलं. जहाज निघालं! आजोबा हे सांगताना हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

अजून एक, खास तुमच्यासाठी. ग्लासगोला जाताना व्हाइटइंच लागतं. सावरकरांनी १९१० ला मार्सेलिसला ज्या 'मोरिया'वरून उडी मारली ती १९०८ साली तिथल्या बार्कले कर्लच्या गोदीत बांधली. आणि बरोबर पलीकडच्या काठावर लिंटहाउसला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बांधली, जिच्यातून बाबासाहेब १९३० ला पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले. दोन काठांना जोडणारा बोगदा नदीखालून जातो. तुम्हाला एकदा तिथून न्यायचंय.

आता खरं काम. आजोबांच्या फुप्फुसाच्या आवरणाला जो आजार आहे तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. पाइपांवर, बॉयलरवर तेव्हा तेच थापायचे. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची, कोणाला काही माहीत नव्हतं. तीस-चाळीस वर्षांनी तो बाहेर येतो. नुसता कामगारांनाच नाही, त्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही झालाय. आई, तू बाबांचे कामाचे कपडे आधी चाळीच्या गॅलरीत झटकायचीस आणि मग धुवायचीस. घाबरवायला लिहीत नाही. पण दोघांनी छातीचा एक्स-रे काढा, आणि डॉक्टरांना गोदीतली सगळी वर्षं सांगा. "काही होत नाही" हे वाक्य मला नको. आणि बाबा, कानाचं मशीन डब्यात ठेवायला घेतलेलं नाही.

गणपतीला येत नाहीये. रजेचं फोनवर सांगितलं ते खरंच आहे, पण रजा मिळाली असती तरी तिकिटाचे पैसे यंदा पिंकीच्या लग्नालाच लावले असते. आरतीला मला व्हिडिओवर घ्या, त्या वेळी मी जागी असेन. उकडीच्या मोदकांचे फोटो मात्र पाठवू नका.

पैशांचं असं. या महिन्यात साठ हजार पाठवतेय. वीस एक्स-रे आणि मशीनच्या दुरुस्तीला, बाकीचे हॉलच्या आगाऊ रकमेला. सोसायटीचा हप्ता मी परस्पर भरते, बाबांनी पेन्शनमधून भरू नये. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरा, तेव्हा मी नक्की येते, ते तिकीट काढलंय.

मोठीचं व्हायच्या आधी धाकटीचं कसं, असं आत्या म्हणते ते कळलं. तिला सांगा, माझी हरकत नाही, मुलाकडच्यांचीही नाही. इथे माझं कोणी आहे का, हे मावशीमार्फत विचारू नकोस आई. कोणी नाही. असलं की पहिलं तुलाच सांगेन. देवगडच्या स्थळाला नाही म्हटलंय, ते मुलगा वाईट म्हणून नाही. मला अजून दोन वर्षं इथे राहायचंय, आणि त्याला इथे यायचं नाही.

पिंकीला म्हणावं, शालू माझ्याकडून. रंग तिने निवडावा.

तुमची,
अश्विनी

ता. क. पैसे शुक्रवारपर्यंत जमा होतील. मेसेज आला की पिंकीला बघायला सांगा.