गोष्ट सांगायला स्टुडिओ लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पॉडकास्टवर आलेला लेख वाचला. दोन खुर्च्या, महागडे माइक आणि नामवंतांशी तासभर गप्पा, एवढ्यावरच तो थांबला. घरच्या घरी, अभ्यास करून, एकट्याने सांगितलेल्या गोष्टींचा त्यात उल्लेखही नाही. माझ्यासारखे कितीतरी श्रोते या माध्यमाला चिकटून आहेत ते त्यांच्यामुळेच, म्हणून हे पत्र.

माइक डंकन या अमेरिकन तरुणाने २००७ साली ‘द हिस्टरी ऑफ रोम’ हे रोमच्या इतिहासाचे पॉडकास्ट सुरू केले. सुरुवातीच्या भागांचे ध्वनिमुद्रण अगदीच साधे आहे. पार्श्वसंगीत नाही, तलवारींचा खणखणाट नाही, तरी हॅनिबलने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला ती इ. स. पू. २१६ ची कॅनीची लढाई आली की हातातले काम थांबते. दंतकथा तिथे दंतकथा म्हणूनच सांगितली जाते. पाच वर्षे हा माणूस इमानाने सांगत राहिला आणि २०१२ मध्ये इ. स. ४७६ पर्यंत, म्हणजे पश्चिमेकडचा शेवटचा रोमन सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला ओडोएसर या सेनानीने गादीवरून उतरवले तिथवर येऊन थांबला.

पण पूर्वेकडचे रोमन साम्राज्य तर पुढे हजार वर्षे टिकले! त्याची गोष्ट कोण सांगणार? डंकनच्याच एका श्रोत्याने, इंग्लंडच्या रॉबिन पिअर्सनने, २०१२ मध्येच ती हाती घेतली. त्याची एक पद्धत मला फार आवडते. एक शतक संपले की तो कथा थांबवतो. लोक कसे जगत होते, शेजारची राज्ये काय करत होती हे सांगतो, श्रोत्यांच्या शंकांना उत्तरे देतो आणि मगच पुढच्या शतकात शिरतो. एवढी सवड कुठल्या वाहिनीवर मिळते? डेव्हिड क्राउथर तर इंग्लंडचा इतिहास आपल्या बागेतल्या शेडमध्ये बसून सांगतात, २०१० पासून. आपल्याला जे मनापासून आवडले ते दुसऱ्याला सांगावे, ही ओढ या सगळ्यांच्या आवाजात ऐकू येते. ती पैसे खर्चून आणता येत नाही.

कीर्तनातले पूर्वरंग-उत्तररंग ऐकत आलेल्या मराठी माणसाला हे नवे वाटायचे कारण नाही. सामग्रीचीही वाण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या कागदपत्रांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतले २२ खंड आहेत. १८९८ साली निघालेल्या पहिल्याच खंडात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. पानिपतावर आपण आवेशाने बोलतो, पण रसद, कर्ज आणि रुसवेफुगवे यांचा हिशेब मांडणारी पत्रे सावकाश वाचून, त्यांचा अर्थ लावत, आठवड्याला एक भाग कोणी सांगितला तर मी पहिल्या दिवसापासून ऐकेन. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, मोडी जाणणारे अभ्यासक यांनी हे जरूर मनावर घ्यावे. फोन, शांत खोली आणि नीट लिहिलेली टिपणे एवढ्यावर सुरुवात होते. आवाज कमावलेला नसला तरी चालेल. संदर्भ मात्र चोख हवेत, आणि जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे तसे स्पष्ट सांगायला हवे.

पुरवणीत नाटक-सिनेमाच्या परीक्षणांना दर आठवड्याला जागा असते. तिथेच महिन्यातून एकदा अशा एकहाती मराठी पॉडकास्टची साक्षेपी ओळख करून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वाई