बाबांच्या मोज्याची टाच

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, स्वेटर विणणाऱ्या हाताला मोजा जड नाही. घोडं अडतं ते टाचेशी, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

लोकर 75 टक्के आणि नायलॉन 25 टक्के असलेला धागा घे, जोडीला 100 ग्रॅम पुरतो. सुती धागा ताणला की परत आवळत नाही, मोजा घोट्याशी गोळा होतो. दोन्हीकडे टोकं असलेल्या अडीच मिलिमीटरच्या पाच सुया लागतील. गुहागरच्या खाऱ्या हवेत लोखंडी गंजतात, बांबूच्याच घे.

बाबा, पाय संध्याकाळी मोजू द्या, म्हणजे सूज धरून माप येईल. पंज्याचा घेर 23 सेंमी भरला तर एक दशांश कमी करायचा, साधारण 21. दहा सेंमीत 30 टाके बसत असतील तर 63 होतात. दोन सुलट-दोन उलटच्या काठाला चाराने भाग जायला हवा, म्हणून 64. टाके सैल घाल, नाहीतर पोटरीवर वळ उठतील. चार सुयांवर सोळा-सोळा वाटून घे आणि गोल जोडण्याआधी पीळ पडलेला नाही ना ते बघ. एकदा विणलं की तो उलगडत नाही. गोल विणताना उलट ओळ नसते, सवयीने घालशील! सुयांच्या सांध्यावर शिडी दिसली तर पुढच्या सुईचा दुसरा टाका ओढून घे, पहिला नव्हे.

घोट्यापर्यंत विणून झालं की आता टाच. 64 पैकी अर्धे 32 टाके तसेच थांबू दे, उरलेल्या 32 टाक्यांवर 32 ओळी सपाट विण, प्रत्येक ओळीचा पहिला टाका नुसता सरकव. मग एक सरकव, 16 सुलट, दोन मागून एकत्र सुलट, एक सुलट, आणि ओळ अर्धी टाकून उलटव. एक सरकव, 3 उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, उलटव. पुढे दर ओळीला हा मधला 3 चा आकडा एकाने वाढतो. एकत्र घ्यायचे ते नेहमी उलटवल्यावर पडलेल्या फटीच्या अलीकडचा नि पलीकडचा. 18 उरले की टाच वळली. मध्ये विचार करू नकोस, फक्त मोज.

सपाट विणलेल्या भागाच्या दोन्ही कडांचे 16-16 उचल, कोपऱ्यात एकेक जास्त, नाहीतर तिथे भोक राहतं. थांबलेले 32 धरून आता 84 झाले. एकाआड फेरीला दोन कमी करत परत 64 वर ये. बोटांच्या टोकाआधी 5 सेंमीवर एकाआड फेरीला चार-चार कमी, 32 पासून दर फेरीला, 16 उरले की सुईने शिवून टाक.

फेऱ्यांचा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेव, दुसरा मोजा त्यावरच विणायचाय. आणि बाबा, हे मोजे घालून लादीवर चालू नका, अंथरुणातच घाला.

तुमची लेक